शहादेवचा घोयरा

गेवराईकडून गोदावरीच्या अंगाला जाताना महामार्ग सोडून आत वळलं की सात-आठ किलोमीटरवर शहादेवचं गाव लागतं. काळी चिकट जमीन आणि नजर जाईल तिथवर कापूस. या गावात तीस वर्षं शहादेवची ओळख एकच होती, फवारणीवाला. स्वतःची जमीन सव्वा एकर, ती घरापुरतीसुद्धा पुरत नसे. बाकी सगळं पाठीवरच्या पंपावर. आधी दांडा हलवायचा पितळी पंप होता, मग प्लॅस्टिकचा आला, मग बॅटरीवरचा. पंप बदलत गेले, पाठ तीच राहिली. डाव्या खांद्यावर पट्ट्याचा काळा घट्टा पडला होता आणि उन्हाळ्यात पाठीवर पंप नसतानाही तो खांदा वाकवूनच चालायचा.

गावात विषाला औषधच म्हणतात. कुणाच्या रानात कधी औषध मारलं, कोणतं मारलं, वारा कुठला होता, हे शहादेवला तोंडपाठ असायचं. शेळ्यांसाठी गवत कापायला निघालेल्या बाया त्याच्या दारावरून जाताना विचारायच्या, "तात्या, धर्मराजच्या बांधाला जावं का?" तो बोटांवर मोजून सांगायचा, "आज नगं. चार दिस थांबा." त्याचा शब्द झाला की बाया दुसरीकडे वळायच्या. एवढं सोडलं तर तो फारसा बोलत नसे. पोरगी योगिता माजलगावला दिली होती. घरात तो आणि बायको तुळजाबाई, दोघंच. संध्याकाळी दोघं शेजारी बसून जेवायची आणि ताटं उचलेपर्यंत चार वाक्यं व्हायची.

तो आधीपासून असा नव्हता. त्याचा धाकटा भाऊ अभिमन्यू होता तोवर दोघं मिळून फवारणीला जायचे आणि एका बांधावरून दुसऱ्या बांधावर गप्पा चालायच्या. अकरा वर्षांपूर्वी सप्टेंबरात, डोक्याएवढ्या कापसात, वारा तोंडावर असताना अभिमन्यूने सकाळपासून पंप मारला. सदरा ओला झाला होता. दुपारी तो बांधावर येऊन बसला, तोंडातून लाळ गळायला लागली, हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. बीडच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. त्या दिवशी पिंपात औषध कालवलं होतं ते शहादेवने. त्याला कुणी बोल लावला नाही. भावजय माहेरी निघून गेली. शहादेव दोन महिने घरात बसला, आणि मग दुसरं काही येत नव्हतं म्हणून पुन्हा पंप पाठीला लावला.

चार वर्षांपासून त्याला वास येईनासा झाला होता. आधी पेट्रोलचा गेला, मग फोडणीचा, मग सगळाच. चुलीवर दूध करपलं तरी तो शेजारी बसलेला असायचा. तुळजाबाई म्हणायची, "आवं, नाक हाय का काय?" तो म्हणायचा, "ध्यान नव्हतं." वास गेलाय हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. फवारणीवाल्याला वास येत नाही म्हटल्यावर कोण रान त्याच्या हाती देईल, असं त्याला वाटायचं.

गेल्या जुलैत धर्मराजच्या रानात रानडुकरं घुसायला लागली. धर्मराज पस्तिशीचा, मेहनती माणूस. त्याने बांधावर तारेचं कुंपण घालायचं ठरवलं आणि खांबांचे खड्डे घ्यायला शहादेवला बोलावलं. माती ओलसर होती. चौथ्या खड्ड्यात कुदळ घातली तशी मातीबरोबर पांढरी अंडी वर आली, चिंचोक्याएवढी, कातड्यासारखी मऊ. बरीचशी कुदळीखाली फुटली होती. त्या चिखलात काहीतरी हललं. शहादेवने वाकून बघितलं. काडीपेटीत मावेल एवढा जीव, वाळल्या पानासारखा. तो त्याच्या बोटावर चढला, चिमट्यासारखे पाय रोवले आणि शेपटी बोटाला गुंडाळली.

"तात्या, घोयरा हाय त्यो," धर्मराज दोन पावलं मागे सरकून म्हणाला. "टाका आन् मारा आधी. थुकला तं अंग सडतंय."

"त्यानं कावून थुकावं?" शहादेव म्हणाला. "म्याच त्याचं घर फोडलंय."

घोयऱ्याचा एक डोळा शहादेवकडे वळला होता आणि दुसरा खाली पडलेल्या कुदळीकडे. असा रंग बदलणारा सरडा शहादेवने आयुष्यात शेकडो वेळा बघितला होता, बहुतेक वेळा दगडाने ठेचलेला. लहानपणी त्याने स्वतःही ठेचले होते. एवढ्या जवळून मात्र कधी बघितला नव्हता. त्याने खड्डा उकरून आणखी कुणी जिवंत आहे का ते चाचपलं. कुणी नव्हतं. मग डोक्याच्या रुमालाच्या घडीत त्याला ठेवलं आणि उरलेले खड्डे एका हाताने रुमाल सांभाळत पुरे केले.

घरी तुळजाबाईने रुमालात डोकावलं आणि ती उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली.

"आवं, काय आणलंय ह्ये? टाका भाईर."

"लेकरू हाय."

"सरड्याचं."

"सरड्याचं झालं तरी."

"मला घरात नगं."

"घरात न्हाईच ठेवत."

अंगणात जास्वंदीचं झाड होतं, कंबरेएवढं. शहादेवने खाटेवरची मच्छरदाणी काढून त्या झाडाभोवती बांधली. मांजर येऊ नये म्हणून खालून विटा लावल्या. रात्री डास तुळजाबाईला चावले आणि ती दोन दिवस बोलली नाही.

घोयऱ्याला खायला काय घालायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. शहादेवने पिकून काळं पडलेलं केळं झाडाखाली ठेवलं. त्यावर चिलटं जमली. घोयरा बराच वेळ दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवत बसला, मग दोन्ही डोळे एकाच ठिकाणी आणून थांबला आणि जीभ बाहेर पडली. चिलट नाहीसं झालं. ती जीभ जवळजवळ त्याच्या अंगाएवढी होती. शहादेव उकिडवा बसून बघत राहिला आणि त्या दिवशी भाकरी थंड झाल्यावर जेवला. पाणी घोयरा वाटीतून प्यायचा नाही, पानावरचे थेंब चाटायचा. म्हणून शहादेवने गेवराईहून न्हाव्याकडे असते तशी पाणी मारायची बाटली आणली. पाठीवरचा पंप त्या अंगणात त्याने पुन्हा कधी आणला नाही. तो गोठ्यामागे, वेगळ्या पत्र्याखाली ठेवायला लागला.

चालताना घोयरा पाऊल उचलायचा, पुढे-मागे डुलायचा, मग टेकवायचा. त्यावरून शहादेवने नाव ठेवलं, डुल्या.

शहादेवच्या रोजच्या रीतीत फरक पडला तो तुळजाबाईच्या लक्षात आला. फवारणीवरून आला की आधी तो नुसते हात धुवायचा. आता विहिरीवरच साबण लावून दोनदा अंघोळ करायचा, कपडे बदलायचा, नखं दगडावर घासायचा आणि मग जास्वंदीशी जायचा. आणि तिथे तो बोलायचा. स्वयंपाक करताना तिला ऐकू यायचं. "आज लई वारा हुता, डुल्या. निम्म्यातून माघारी आलो. सोमनाथच्या बैलाचा खुर चिरलाय." एवढं तर तो तिच्याशी वर्षात बोलला नव्हता. तिला आधी राग आला. मग ती परातीत पीठ घेऊन दाराशीच मळायला बसायला लागली, म्हणजे तिलाही गावच्या बातम्या कळायच्या. एक दिवस तो घरात नसताना तिने स्वतःच मच्छरदाणीचं टोक उचलून बाटलीने पाणी मारलं. डुल्याने पानावरचा थेंब चाटला आणि एक डोळा तिच्याकडे फिरवला. संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "थुकत न्हाई तो."

"कोण म्हणलं थुकतोय?"

"सगळा गाव म्हणतोय."

त्याला सोडायचं असं मात्र दोघांचंही आधीपासून ठरलं होतं. चार बोटं लांब झाला की पोळ्याला सोडू, असं शहादेव म्हणाला होता. पोळा आला तेव्हा डुल्या चार बोटं झालेला होता. शहादेवने बैल नसलेल्या घरात मातीचे बैल पुजले, पुरणपोळी खाल्ली आणि डुल्याचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी तुळजाबाईनेच विचारलं. तो म्हणाला, "अजून शिकार नीट येत न्हाई. दसऱ्याला सोडू." तिलाही बरंच वाटलं.

आता डुल्याला चिलटं पुरत नव्हती. शहादेव सकाळी रानात जाऊन लहान नाकतोडे धरून आणायचा, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात. कुठल्या बांधाला जायचं हे तो फार काळजीने ठरवायचा. ज्या रानात वीस दिवसांत औषध पडलं नाही तिथेच जायचं, असा त्याचा नेम होता. आणि औषध मारणारा तोच, तेव्हा त्यात चूक व्हायचं कारण नव्हतं.

सप्टेंबरात एका बाजारच्या दिवशी तो पंपाचं नोझल आणायला गेवराईला गेला. सगळा दिवस तिथेच मोडला. त्याच दिवशी धर्मराजच्या रानात ड्रोन आला. तालुक्याहून गाडीतून दोन पोरं आली, त्यांनी बांधावर ड्रोन उतरवला आणि दोन एकरांत औषध मारून चहा पिऊन गेली. शहादेव गावात असता तर त्यालाही धर्मराजबरोबर बांधावर उभं राहून बघायला मिळालं असतं. तो परतला तेव्हा अंधार पडायला आला होता. जेवून तो झोपला.

सकाळी डबा घेऊन तो निघाला. धर्मराजच्या रानात त्याने बावीस दिवसांपूर्वी पंप मारला होता. गणित बरोबर होतं. बांधावरच्या गवतात वाकला तर नाकतोडे उडतच नव्हते. हात पुढे केला की हातात येत होते. एरवी पाच नाकतोड्यांना तासभर लागायचा, त्या दिवशी दहा मिनिटांत डब्यात सात झाले. रात्री गारवा होता म्हणून सुस्त असतील, असं त्याला वाटलं. मनात बरंही वाटलं की आज काम लवकर झालं.

डुल्याने त्यातले पाच खाल्ले. शहादेव समोर बसून मोजत होता.

तासाभराने तो भाकरी खाऊन अंगणात आला तर डुल्या फांदीवर नव्हता. तो खाली विटांच्या कडेला पडला होता. अंगाचा रंग काळा पडला होता. तोंडाला पाणी सुटलं होतं, पाय थरथरत होते, आणि शेपटी गुंडाळायची म्हणून हलत होती पण कशालाच धरत नव्हती. शहादेवने त्याला तळहातावर घेतलं. तोंडाचं पाणी बोटाने पुसलं. पुन्हा आलं.

"तुळजा," त्याने हाक मारली. आवाज एवढा हळू होता की ती दुसऱ्या हाकेला आली.

"काय झालं ह्याला?"

"औषध लागलंय."

"कशावरून?"

त्याने शेजारच्या सोमनाथची मोटारसायकल मागितली, डुल्याला ओल्या फडक्यात गुंडाळून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं आणि गेवराईचा रस्ता धरला. महामार्गावर वाळूचे टिप्पर एकामागे एक चालले होते. एका हाताने हँडल आणि दुसरा हात खिशावर धरून तो त्यांच्या कडेने गेला. अकरा वर्षांपूर्वी याच रस्त्याने जीपमध्ये अभिमन्यूचं डोकं मांडीवर घेऊन तो बीडला गेला होता.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशी, शेळ्या आणि एक कुत्रा होता. शहादेव रांगेत उभा राहिला. मग पुढे जाऊन म्हणाला, "मला आधी जाऊ द्या. टाइम न्हाई." खिशात काय आहे ते बघून एक जण हसला, पण लोकांनी वाट दिली. आत तरुण डॉक्टरीण होती. तिने फडकं उघडलं आणि क्षणभर शहादेवकडे बघितलं.

"हा तुमच्याकडे कसा?"

"पाळलाय. औषध लागलंय त्याला. कपाशीचं."

"कशावरून म्हणता, काका?"

"माझा भाऊ असाच गेला."

तिने डुल्याला छोट्या काट्यावर ठेवलं. नऊ ग्रॅम भरला. कपाटातून इंजेक्शन काढलं, सलाईनमध्ये पातळ केलं, सगळ्यात बारीक सुईत एक थेंब घेतला आणि म्हणाली, "एवढ्या लहान जिवाला किती द्यायचं हे पुस्तकातही नीट नाही. जगेल असं मी सांगत नाही."

"द्या."

तिने दिलं. मग हात धुताना म्हणाली, "काका, हा जंगली प्राणी आहे. पाळणं कायद्यानं गुन्हा आहे. माहीत होतं?"

"सोडायचाच हुता. पोळ्यालाच सोडायचा हुता." त्याने काट्याशेजारचं ओलं फडकं उचललं. "म्याच सोडला न्हाई."

तिने त्याला बाहेर सावलीत बसायला सांगितलं. दवाखान्याच्या ओट्यावर तो तळहात उघडा ठेवून बसला. थरथर थोडी कमी झाली, तेव्हा त्याला वाटलं औषध लागू पडलंय. डुल्याने पुढचा एक पाय त्याच्या करंगळीच्या पेराला लावला, चिमटा आवळला. थोड्या वेळाने चिमटा सैल झाला. काळा रंग उतरत उतरत पिवळट झाला. शहादेव तसाच बसून राहिला. पाणी पाजायला शेळी घेऊन आलेली एक बाई विचारत होती, "काय हाय वो हातात?" तो म्हणाला, "काय न्हाई."

घरी आल्यावर त्याने जास्वंदीखाली हातभर खोल खड्डा केला. तुळजाबाईने तिच्या जुन्या चोळीचा तुकडा दिला. वर त्याने एक वीट ठेवली, कुत्र्याने उकरू नये म्हणून. मग तो मच्छरदाणीच्या आत जाऊन बसला आणि त्याच्या पोटातून असा आवाज निघाला की गोठ्यातल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. तुळजाबाई बाहेर उभी होती. आत जावं की नको हे तिला कळत नव्हतं. थोड्या वेळाने ती मच्छरदाणीच्या बाहेरच, त्याच्या पाठीला पाठ लागेल अशी खाली बसली.

दुपारी धर्मराज आला. गावभर झालं होतं. तो ओट्यावर टेकला, टोपी काढून हातात घेतली.

"तात्या, काल म्या तुमाला फोन केलता. ड्रोन आलाय, बघायला या म्हणून. लागला न्हाई."

शहादेवने मान वर केली. तोवर त्याला हे ठाऊकच नव्हतं. सकाळपासून तो एकच हिशेब घोळवत होता की बावीस दिवसांनी औषध लागलं कसं.

"काल मारलंस?"

"काल. दोन्ही एकर." धर्मराज खाली बघत म्हणाला. "मला काय ठावं तुमी नाकतोडे धरायला माझ्याच बांधाला जाताल. आन् रानात पाय ठेवला की वास मारत हुता, तात्या. वढ्यापर्यंत मारत हुता."

"तुझं काय चुकलं न्हाई," शहादेव म्हणाला.

धर्मराज गेल्यावर तुळजाबाई चुलीपुढून उठून आली. तिचा चेहरा उतरला होता.

"पहाटं पाण्याला गेलते तवा मलाबी वास आला," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर आलतं सांगावं म्हणून. मंग म्हणलं, ह्यांना मी काय सांगू? ह्यांनाच तर सगळं ठावं असतंय."

शहादेव म्हणाला, "मला वास येत न्हाई, तुळजा."

"म्हंजी?"

"कशाचाच न्हाई. चार साल झाले."

ती खाली बसली. दूध करपलं तेव्हाचं, गॅसची नळी गळत होती तेव्हाचं, गेल्या चार वर्षांतलं एकेक तिला आठवत गेलं असणार, कारण ती मध्येच म्हणाली, "आन् मी तुमाला नाक हाय का म्हणायचे." तो म्हणाला, "बरोबरच म्हणत हुतीस." तिने डोळ्याला पदर लावला. तिचं रडू घोयऱ्यासाठी होतं की नवऱ्यासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

एकाएकी शहादेव उठून उभा राहिला. "गवत," तो म्हणाला. "बांधाचं गवत कुणी कापलं का?" सकाळी विमलबाईने दारावरून विचारलं होतं, धर्मराजच्या बांधाला जाऊ का, आणि बावीस दिवस मोजून त्यानेच जा म्हणून सांगितलं होतं. तो अनवाणी तिच्या घराकडे पळाला. विमलबाईच्या दारात दुसरीकडच्या गवताचा भारा पडला होता आणि शेळ्या खात होत्या. "तुमी जा म्हणलात खरं, तात्या," ती म्हणाली, "पर बांधाला पोचले तं नाकात भरलं. माघारी आले." शहादेव तिच्या दारातल्या दगडावर बसला.

त्यानंतर आठ दिवस तो पंपाला शिवला नाही. ऐन बोंडाचे दिवस होते. फोन वाजायचे, तो उचलायचा नाही. एकदा जेवायचा, तेही तुळजाबाई समोर बसली तर. सकाळी जाग आली की डबा शोधायला हात फळीवर जायचा आणि मग तो हात खाली यायचा. चौकात पोरांनी बोलायला सुरुवात केली की तात्याने सरड्याचं सुतक धरलंय. पिठाच्या गिरणीत एकाने तुळजाबाईला तोंडावरच विचारलं, "काकू, दहावं कवा हाय?"

तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "ये की दहाव्याला," ती म्हणाली. "पर येताना त्यांचा पंप पाठीवर घेऊन ये. एक दिस वागव. मंग पुढं बस, मी वाढते."

योगिताचा फोन आला. आईने तिला नाकाचं सांगितलं होतं. ती म्हणाली, "अप्पा, आधी डॉक्टरला दाखवा," आणि स्वतः येऊन त्याला बीडला घेऊन गेली. डॉक्टरने नाकात दिवा घालून बघितलं, किती वर्षं फवारणी केली ते विचारलं, आणि सांगितलं की आता तो वास परत यायचा नाही. परतताना एसटीत योगिता म्हणाली, "पोपट आणू का एक? घरात बोलायला हुईल." शहादेव खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नगं. माझ्या हाताला कायबी देऊ नगं आता."

नवव्या दिवशी तो फवारणीला गेला. शब्द दिलेली रानं होती, ती त्याने पुरी केली. जायच्या आधी मात्र तुळजाबाईची एक फाटकी लाल साडी घेतली आणि वीतभर रुंदीच्या पट्ट्या फाडल्या. ज्या रानात औषध पडेल त्याच्या चारी कोपऱ्यांच्या पऱ्हाटीला पट्टी बांधायची आणि दिवस भरले की सोडायची. ड्रोनवाल्या पोरांचा नंबरही त्याने घेतला. ती पोरं आधी हसली, पण आदल्या दिवशी फोन करायला लागली. बाया आता त्याच्या दारावरून विचारत नव्हत्या, बांधावर लाल दिसतंय का ते बघायच्या. काही शेतकऱ्यांना ते आवडलं नाही. आमच्या रानाला नजर लागते म्हणून एकाने पट्ट्या उपटून टाकल्या. शहादेव दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा बांधून आला. भांडला नाही.

दिवाळीनंतर त्याने फवारणी बंद केल्याचं सांगून टाकलं. आता तो तुळजाबाईबरोबर शेळ्या राखतो. सहा शेळ्या आणि दोन बोकड, त्यावर कसंबसं चालतं. पंप विकत मागायला दोघं जण आले होते, त्याने दिला नाही, आणि का ते सांगितलं नाही. पत्र्याखाली तो धूळ खात पडला आहे. मच्छरदाणी तुळजाबाईने धुऊन घडी घालून पेटीत ठेवली आहे. खाटेवर बांधायची म्हटलं तर दोघांपैकी कुणीच उठत नाही, आणि डास चावतात.

एकदा फेब्रुवारीच्या शेवटी दोघं ओढ्याकाठी शेळ्या घेऊन बसली होती. कापूस निघून गेला होता, रानं मोकळी पडली होती. त्या दिवसापासून डुल्याचं नाव दोघांनीही काढलं नव्हतं. तुळजाबाई शेंगा सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "पाच महिने झाले."

"साडेपाच," शहादेव म्हणाला.

तिने सोललेले दाणे त्याच्या हातावर ठेवले. तो बराच वेळ ते न खाता धरून बसला. मग बोकड कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरायला लागला, तेव्हा काठी घेऊन उठला.